आईला औषधाच्या ट्रायलमध्ये घ्यावं का? आमवात, सोरायसिस आणि आपल्याकडचे रुग्ण

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातलं गाव. आई ४८ वर्षांची, दोन वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. नागपूरच्या डॉक्टरांनी एका नव्या इंजेक्शनच्या ट्रायलबद्दल सांगितलं आणि संमतिपत्राची वीसेक पानं घरी वाचायला दिली. वडील म्हणतात, गरिबावर प्रयोग करून पाहतात, जायचं नाही. बहीण म्हणते, एवढं महागडं औषध फुकट मिळतंय, सोडायचं नाही. त्यात मामांना बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस, म्हणजे कातडीवर पापुद्र्याचे चट्टे येण्याचा आजार आहे, आणि त्यांनाही आईसारखीच 'हप्त्याची', म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू आहे. मग दोघांचा आजार एकच का, आणि मामांनाही त्या ट्रायलमध्ये घेतील का?

मी विदर्भातच सांध्यांच्या आजारांची ओपीडी बघतो आणि काही ट्रायलमध्ये संशोधक डॉक्टर म्हणून काम केलेलं आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो. वडिलांची भीती आणि बहिणीची आशा दोन्ही समजण्यासारख्या आहेत, पण निर्णय या दोहोंच्या जोरावर घेऊ नका. त्याआधी एक गोष्ट तपासा: जे औषध सिद्ध होऊन कित्येक वर्षं झाली, ते आईला पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस मिळालं आहे का? नसेल, तर हातचं सोडून पळत्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

ते औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट, तुमच्या घरातली हप्त्याची गोळी. आईचा आणि मामांचा धागा इथेच जुळतो. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. फॉलिक अॅसिड या जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणणारी औषधं त्यांच्या चमूने तयार केली. त्यातलं अमिनोप्टेरिन १९४८ मध्ये लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरलं गेलं. १९५१ मध्ये गुबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं. सांध्यांची सूज उतरली, आणि सोरायसिसचे चट्टेही विरले. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातलं, वापरायला जास्त सोपं औषध. त्वचेच्या डॉक्टरांनी ते लवकर उचललं. आमवातासाठी मात्र अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळायला १९८८ साल उजाडलं. त्याआधी १९८५ मध्ये अवघ्या ३५ रुग्णांची एक नीट आखलेली चाचणी छापून आली होती. अर्ध्या काळ औषध, अर्ध्या काळ नुसती दिसायला तशीच गोळी, आणि कोणाला केव्हा काय चालू आहे हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. खरी गोळी जाऊन नुसती दिसायला तशी गोळी आली की सूज परत येते, हे त्यात स्पष्ट दिसलं. आज जगभर आमवाताचा उपचार याच गोळीने सुरू होतो. म्हणजे आई आज जी गोळी घेते, तीही कोणीतरी आधी ट्रायलमध्ये घेतली होती. वडिलांना हे जरूर सांगा.

आता मात्रेचं बघू. आईची चिठ्ठी काढा आणि गोळीवर किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचा. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायांना साडेसात मिलिग्रॅमवर सुरुवात केलेली असते आणि दोन-दोन वर्षं तिथेच ठेवलेलं असतं. साडेसात ही सुरुवात आहे. रक्ताचे रिपोर्ट ठीक असतील तर दर काही आठवड्यांनी वाढवत १५, २०, गरज पडली तर २५ मिलिग्रॅमपर्यंत नेतात, आणि पूर्ण मात्रेवर निदान तीन महिने गेल्याशिवाय 'गोळी लागू पडली नाही' असं म्हणता येत नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवून घ्यायची, किंवा तेच औषध कातडीखालच्या इंजेक्शनने घ्यायचं. हे इंजेक्शन जुनंच आणि स्वस्त आहे. सोबत फॉलिक अॅसिड हवंच, वेगळ्या दिवशी. तेही जितकं जास्त तितकं बरं असं नाही. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या रुग्णालयात आठवड्याला १० आणि ३० मिलिग्रॅम फॉलिक अॅसिडची तुलना झाली. ३० ने जास्त फायदा दिसला नाही.

आणि ही गोळी आठवड्यातून एकदाच. हे मी प्रत्येक रुग्णाला, त्याच्या नवऱ्याला, सुनेला, जो सोबत येईल त्याला सांगतो. एक बाई आमच्याकडे आणली होती, तोंड पूर्ण आलेलं, पाण्याचा घोटही गिळवत नव्हता, हातापायांवर काळेनिळे डाग. कुठल्याशा दुकानात तिला पाकिटावर 'रोज रात्री एक' असं लिहून दिलं होतं आणि तिने इमानेइतबारे दहा-बारा दिवस रोज घेतली. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तळाला गेल्या होत्या. बाई वाचली, पण अशा चुकीत माणूस जातो. म्हणून वार ठरवा. आमच्याकडे आठवडी बाजाराचा वार सांगितला की कोणी विसरत नाही. मारेगावची बाई मारेगावच्या बाजाराच्या दिवशी गोळी घेते, फॉलिक अॅसिड दोन दिवसांनी. चिठ्ठीवर तो वार मोठ्या अक्षरात लिहून घ्या. सुरुवातीला महिन्या-दीड महिन्याने आणि नंतर दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन-पेशी, लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) तपासायचं. यासाठी नागपूर गाठायची गरज नाही, रक्त तालुक्याला देऊन रिपोर्ट फोनवर पाठवता येतो. घरात मूल होण्याच्या वयाची कोणी ही गोळी घेत असेल तर गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधी ती बंद करावी लागते. मूल हवं असेल तर ते डॉक्टरांपासून लपवून ठेवू नका.

मी इतका वेळ या गोळीवर का घालवला? कारण आमवाताच्या बहुतेक ट्रायलमध्ये अटच असते की रुग्णाने मेथोट्रेक्सेट पुरेशा मात्रेत घेतलेलं असावं आणि तरीही सूज उरलेली असावी. आईला दोन वर्षं साडेसातच चालू असेल, तर तिचा आजार औषधाला दाद देत नाही असं म्हणता येत नाही. तिला पुरतं औषधच मिळालेलं नाही. ग्लासगोमध्ये ११० रुग्णांवर एक चाचणी झाली, २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एकही नवीन औषध नव्हतं. एका गटाला नेहमीसारखा उपचार. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलवायचं, सांधे मोजायचे, सूज उरली असेल तर त्याच दिवशी मात्रा वाढवायची किंवा दुसरं जुनं औषध जोडायचं. दीड वर्षाने नेहमीच्या गटात १६ टक्के रुग्णांचा आजार शांत झालेला होता, दुसऱ्या गटात ६५ टक्के. मी आजवर वाचलेल्या सगळ्या शोधनिबंधांत यवतमाळ-गडचिरोलीसाठी सर्वांत कामाचा मला हाच वाटतो.

दुसरी चाचणी २०१३ ची, ३५३ रुग्णांची. मेथोट्रेक्सेट एकट्याने भागत नव्हतं अशांना एका बाजूला सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या दोन स्वस्त गोळ्या जोडल्या, दुसऱ्या बाजूला एटानरसेप्ट हे महागडं इंजेक्शन. ज्यांना सहा महिन्यांत फरक पडला नाही त्यांची बाजू बदलली. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास बरोबरीत. तेव्हा आईला या तीन गोळ्या एकत्र मिळाल्या आहेत का, हेही विचारा.

आता पुडीबद्दल. कोणीतरी 'वाताची पुडी' किंवा बिनपाकिटाच्या गोळ्या दिल्या आहेत का? खाल्ल्यावर दुसऱ्याच दिवशी बाई कामाला लागते, भूक वाढते, चेहरा गोल होतो. असं झालं की त्यात स्टेरॉइड आहे असंच समजा. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. कमी मात्रेत, थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली ते आम्हीही देतो. पण पुडीत किती आहे कोणाला ठाऊक नसतं. वर्षभरात साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, दबलेला टीबी वर येतो. आणि पुडी चालू असताना ट्रायलमध्ये नाव घातलं तर सगळी मोजणीच खोटी पडते. नागपूरच्या डॉक्टरांना हे न लाजता सांगा. एकदम बंदही करू नका, शरीराला त्याची सवय झालेली असते, हळूहळू उतरवावं लागतं.

मामांच्या बाबतीत तर पुडी फारच वाईट. सोरायसिसमध्ये पोटातून स्टेरॉइड घेतलं की चट्टे पटकन जातात, आणि बंद केल्यावर अंगभर लालेलाल उसळतात, कधी पूभरल्या बारीक पुळ्या येतात, ताप, थंडी, अंगातलं पाणी कमी होणं. तो माणूस दवाखान्यात भरती करण्याच्या लायकीचा आजारी असतो.

मामांचा आणि आईचा आजार एक का, हा प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचं उत्तर प्रयोगशाळेपेक्षा ट्रायलनेच जास्त दिलं. दोन्हींत शरीराची संरक्षण व्यवस्था स्वतःवरच उलटते. टीएनएफ नावाचा सूज वाढवणारा रेणू दोन्हींत वाढलेला असतो, म्हणून तो रोखणारी अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं दोन्हींत चालतात. त्यामुळे एके काळी वाटलं की आजार एकच, एकाचा राग सांध्यावर, दुसऱ्याचा कातडीवर. मग आयएल-१७ हा सूज वाढवणारा दुसरा रेणू रोखणारं सेक्युकिनुमॅब आलं. सोरायसिसमध्ये त्याने चट्टे जवळजवळ पुसून टाकले, अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तेच औषध आमवातात मोठ्या चाचण्यांपर्यंत नेलं, पण आधीच्या औषधांपेक्षा सरस ठरलं नाही आणि आमवातासाठी ते बाजारात आलंच नाही. आयएल-२३ या तशाच आणखी एका रेणूचा मार्ग अडवणाऱ्या औषधांचंही तसंच झालं, चट्टे जातात, आमवाताची सूज जात नाही. उलट बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं बनवण्याच्या कामातल्या रक्तपेशी, कमी करणारं रिटुक्सिमॅब आमवातात उत्तम चालतं, सोरायसिसला त्याचा उपयोग नाही. म्हणजे दोन आजारांची वाट काही अंतर बरोबर जाते आणि पुढे फुटते. मेथोट्रेक्सेट आणि टीएनएफ रोखणारी औषधं त्या सामाईक अंतरात येतात, एवढंच.

याचा व्यवहारात अर्थ असा की आईच्या डब्यातली गोळी मामांनी घेऊ नये. आईला चालणारी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन काही सोरायसिसवाल्यांचे चट्टे वाढवू शकते. आणि गंमत वाटेल, पण टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांनी कधीकधी आमवाताच्या रुग्णाला नव्यानेच सोरायसिससारखे चट्टे उठतात. त्यामुळे आईच्या ट्रायलमध्ये मामांना घेणार नाहीत. त्यांच्या आजाराच्या ट्रायल वेगळ्या असतात. इटोलिझुमॅब हे इंजेक्शन तर सोरायसिससाठी भारतातच २०१३ मध्ये मंजूर झालं, त्याच्या चाचण्याही इथल्याच रुग्णांवर झाल्या.

मामांचे सांधे मात्र दुखतात का ते विचारा. सोरायसिसच्या काही रुग्णांना पुढे त्याचाच सांधेदुखीचा आजार होतो, आणि तो आमवात समजून चालवला जातो. हात बघा. आमवात मुठीच्या गाठी आणि बोटांच्या मधल्या पेरांना धरतो, नखाजवळचं पेर बहुधा सोडतो. सोरायसिसचा संधिवात नखाजवळच्या पेरालाच धरतो, एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजतं, आणि नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात. डोक्यातला न जाणारा कोंडा, कानामागचा पापुद्रा, बेंबीतला लाल चट्टा, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मामा मोहाची दारू घेत असतील तर ते डॉक्टरांना नक्की कळू द्या, मेथोट्रेक्सेट आणि दारू मिळून लिव्हर खातात.

आणि मामांचं ताट, लोटा, अंथरूण वेगळं ठेवलं असेल तर आजच एकत्र करा. सोरायसिस कोणाला लागत नाही. आपल्या भागाने कुष्ठरोगाची फार मोठी झळ सोसली आहे. वर्ध्याजवळचं दत्तपूर, वरोऱ्याचं आनंदवन त्याच झळेतून उभं राहिलं. त्यामुळे अंगावर चट्टा दिसला की लोक आजही दचकतात. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, त्याला स्पर्श कळत नाही. सोरायसिसच्या चट्ट्याला सगळं कळतं, खाजही सुटते, वर चंदेरी पापुद्रा असतो. शंका असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. कुष्ठरोगही आज औषधाने पूर्ण बरा होतो, तेव्हा त्याच्या भीतीनेही कोणी तपासणी टाळू नये.

हाच धागा आईकडे नेतो. तिचा आजार नक्की आमवातच आहे ना? घाटंजीतली बाई आणि युरोपातली बाई यात इथे फरक पडतो. चिकनगुनियानंतर कित्येक महिने हातापायांचे छोटे सांधे अगदी आमवातासारखे सुजतात. विदर्भात २००६ मध्ये त्याची मोठी साथ येऊन गेली, त्यानंतरही अधूनमधून येतच असते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याकडे पुष्कळ आहे, आणि त्यात हाडं-सांधे दुखतात. शिवाय सिकलसेल असलेल्या रुग्णाचा ईएसआर, म्हणजे सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, खोटाच कमी येतो, त्यामुळे सूज असूनही रिपोर्ट 'नॉर्मल' दिसतो. कुष्ठरोगाच्या रिअॅक्शनमध्ये, म्हणजे तो मध्येच भडकतो तेव्हा, सांधे सुजतात आणि आरए फॅक्टर ही आमवातासाठी करतात ती रक्ताची तपासणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. नुसता आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणून आमवात ठरत नाही, निगेटिव्ह आला म्हणून नाकारता येत नाही. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त भरवशाची. पण सगळ्यांत भरवशाचं म्हणजे डॉक्टरांची बोटं. आमच्या खोलीत बाई आली की मी एकेक सांधा अंगठ्याने दाबतो, माझ्याच नखाचा रंग पांढरा पडेपर्यंत. एवढाच दाब, ना कमी ना जास्त, म्हणजे आज मी मोजलं आणि पुढल्या महिन्यात दुसऱ्याने मोजलं तरी आकडा जुळतो. असे २८ सांधे. मग विचारतो, सकाळी उठल्यावर हात किती वेळ अडकलेला असतो? "सकायी उठली का मूठच वयत नाई जी, भाकर टाकेपर्यंत," असं एक आजी म्हणाल्या. तासभर अडकणं म्हणजे आत सूज आहे. पाच-दहा मिनिटांत मोकळं होत असेल तर बहुधा झिजेचं दुखणं.

ट्रायलमध्येही यशाचा आकडा याच मोजणीतून निघतो. संमतिपत्रात एसीआर-२० असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ सुजलेले आणि दुखरे सांधे निदान २० टक्क्यांनी कमी झाले, आणि इतर काही मापांतही तेवढाच फरक पडला. म्हणजे १० सुजलेल्या सांध्यांचे ८ झाले तरी औषध लागू पडल्याच्या बाजूला जातं. आईच्या हाताला त्याचा किती उपयोग, तुम्हीच ठरवा. एसीआर-५०, एसीआर-७० आणि आजार शांत होण्याचं प्रमाण विचारा. सोरायसिसमध्ये पासी नावाचं माप आहे. तिथे ७५ टक्के आणि आता ९० टक्के चट्टे जाण्याची अपेक्षा धरतात.

कामाची क्षमता मोजणारी प्रश्नावली मला नेहमी अपुरी वाटते. मूळ प्रश्नावली १९८० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला तयार झाली. तीत गाडीचं दार उघडता येतं का, टबमध्ये अंघोळ करता येते का, असे प्रश्न होते. भारतीय आवृत्तीत मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं आलं, हे फार बरं झालं. पण कापूस वेचताना अंगठा आणि दोन बोटं बोंडात घालून एका हिसक्यात सरकीसकट कापूस सोडवावा लागतो, आणि बोंडाच्या टोकदार कडा पेराला लागतात. निंदायला बसलं की खुरप्याची मूठ तासन् तास दाबून धरावी लागते. आईला विचारा, दिवसाला किती किलो वेचायची आणि आता किती वेचते. तो आकडा डॉक्टरांना सांगा. कोणत्याही फॉर्ममध्ये त्याची जागा नाही, पण उपचार लागू पडतोय का हे त्यावरूनच कळतं.

आता ती वीस पानं. ट्रायल करायची तर ती सरकारी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयवर असावी लागते, २००९ पासून हे सक्तीचं आहे. त्याचा क्रमांक मागून घ्या, मोबाईलवर शोधता येतो. २०१९ च्या नव्या औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे रुग्णालयाबाहेरच्या सदस्यांसह बसलेली नैतिकता समिती ट्रायलला मंजुरी देते, तिचा फोन नंबर संमतिपत्रात हवाच. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई मिळण्याची तरतूद आहे. गंभीर काही घडलं तर डॉक्टरांना २४ तासांत वर कळवावं लागतं. आईला वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा, नुसता अंगठा चालत नाही. अगदी नवीन औषध असेल आणि रुग्ण गरीब किंवा निरक्षर असेल तर संमती घेताना चित्रीकरणही करावं लागतं. कॅमेरा बघून वडील बिचकतील, पण तो तुमच्याच बाजूचा पुरावा आहे.

हे कागदावरचं संरक्षण झालं. त्याखेरीज मी असतो तर डॉक्टरांना हे विचारलं असतं. आईला नवीन औषध मिळेल की दुसऱ्या गटात टाकलं जाईल, आणि त्या दुसऱ्या गटाला काय देणार? मेथोट्रेक्सेट चालू ठेवून वर बिनऔषधाचं इंजेक्शन असेल आणि काही आठवड्यांत फरक पडला नाही तर खरं औषध देण्याची सोय असेल, तर ते मान्य करण्यासारखं आहे. चालू औषध काढून महिनोन् महिने नुसतं बिनऔषधाचं ठेवणार असतील, तर नाही म्हणा, तेवढ्यात हाड खाल्लं जातं आणि गेलेलं हाड परत येत नाही. ट्रायल संपल्यावर काय? औषध लागू पडलं आणि ते बाजारात महाग असलं, तर पुढे ते मिळणार की एका तारखेला बंद होणार? माझ्या मते सगळ्या पानांतला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक घरं तो विचारतच नाहीत. येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळणार का? सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी सुरू झाली की बाया ओपीडीला येत नाहीत, हे मी दरवर्षी बघतो. ट्रायलच्या तारखा वेचणीसाठी थांबत नाहीत. आईला यायला जमणार नसेल तर आत्ताच सांगा.

टीबीची तपासणी झालीच पाहिजे, छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ रोखणारं इंजेक्शन घेतलेल्या ७० रुग्णांना टीबी झाल्याची नोंद छापून आली, आणि त्यातले बहुतेक अशा देशांतले होते जिथे टीबी क्वचितच आढळतो. आपल्याकडे तर तो घराघरातून फिरलेला. घरात, शेजारी, कोणाला कधीही टीबी झाला असेल तर सांगा, नाव कटेल म्हणून लपवू नका. दबलेला टीबी सापडला तर आधी त्याची गोळी सुरू करून मग इंजेक्शन देता येतं.

हेही लक्षात घ्या की ट्रायल असे लोक वगळते: हिमोग्लोबिन फार कमी, जुना टीबी, किडनी-लिव्हरची तक्रार. आपल्या कितीतरी बाया इथेच गळतात. मग जो निकाल छापून येतो तो धष्टपुष्ट रुग्णांचा असतो. टोफासिटिनिब या आमवाताच्या गोळीचं उदाहरण बघा. इंजेक्शन नको, फ्रिज नको, म्हणून ती खेड्यात सोयीची. २०२२ मध्ये ४,३६२ रुग्णांचा अभ्यास आला, सगळे पन्नाशीपुढचे आणि हृदयाच्या आजाराचा निदान एक धोका असलेले. टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांच्या तुलनेत या गोळीवर हार्ट अटॅक-लकवा आणि कर्करोगाचं प्रमाण जास्त निघालं. पहिल्या छोट्या ट्रायलमध्ये हे दिसलं नव्हतं. म्हणून मला विदर्भातल्या रुग्णांवर, विदर्भातल्या दवाखान्यांत होणारं संशोधन हवं आहे. सेवाग्राम, नागपूरचं मेडिकल, सावंगी इथे रुग्ण आहेत, शिकणारे डॉक्टर आहेत. सिकलसेल असलेल्या बाईला मेथोट्रेक्सेट किती सोसतं, चिकनगुनियानंतरच्या संधिवाताला ते द्यावं का, आशाताईंनी महिन्याला घरी येऊन सांधे मोजले तर ग्लासगोसारखा निकाल मिळेल का, हे प्रश्न कोणतीही औषध कंपनी विचारणार नाही. ते आपल्यालाच विचारावे लागतील, आणि त्यासाठी आईसारख्या बायांनी समजून-उमजून पुढे यावं लागेल.

इंजेक्शन मिळालं तर एक व्यवहाराची गोष्ट. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या खणात नाही, गोठलं की ते वाया जातं. मे महिन्यात नागपूरहून एसटीने आणताना आइसपॅकचा डबा लागतो आणि इंजेक्शन थेट पॅकला चिकटवायचं नाही. गावात लाइट तासन् तास जात असेल तर ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये ठेवण्याची विनंती आधीच करून ठेवा, किंवा प्रत्येक इंजेक्शन केंद्रावरच घ्यायचं ठरवा.

नागपूरला जाताना जुन्या सगळ्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, पुडी असेल तर पुडी, सिकलसेलचं कार्ड आणि छातीचा एक्स-रे घेऊन जा. डॉक्टरांना विचारा, मेथोट्रेक्सेट २० पर्यंत नेऊन तीन महिने आणि गरज पडली तर तीन गोळ्या एकत्र देऊन बघायचं का, आणि तेवढ्यात ट्रायलचं दार बंद होणार का. चांगला संशोधक यावर रागावत नाही. सगळं रीतसर देऊनही आईची सूज उरलेली असेल, ट्रायलमधल्या दुसऱ्या गटालाही योग्य औषध मिळत असेल आणि ट्रायलनंतरची सोय लिहून दिलेली असेल, तर मी माझ्या घरच्या माणसालाही जा म्हणेन. मध्येच नको वाटलं तर कारण न देता बाहेर पडता येतं, आणि नाही म्हटलं म्हणून त्याच दवाखान्यातला नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. हे त्या वीस पानांत लिहिलेलं असेल. आईला स्वतः वाचून दाखवा आणि तिला काय वाटतं ते तिलाच विचारा. सही किंवा अंगठा तिचाच लागणार आहे, वडिलांचा किंवा बहिणीचा नाही.